आबांचा फोटो आणि रिकामी जागा

सचिन म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना एकच सचिन आठवतो. माहेरी गेले की शेजारच्या बायका अजून विचारतात, "सचिनला राहतेस म्हणजे नेमकी कुठे गं?" मग सांगावं लागतं, की बायांनो, सचिन हे गाव आहे. नंदुरबारहून गाडीने उधन्याला उतरायचं, तिथून मुंबईच्या दिशेला निघायचं, भेस्तान सोडलं की पुढचं स्टेशन सचिन. एके काळी हे छोटंसं संस्थान होतं, जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या नवाबांचं. 1791 साली पेशव्यांशी झालेल्या करारात जंजिऱ्यावरचा हक्क सोडला, त्याच्या बदल्यात हा मुलूख त्यांना मिळाला. आता नवाबी गेली आणि जीआयडीसी आली. दिवसरात्र लूम चालतात. खानदेशातून आलेली आमच्यासारखी शेकडो घरं त्या खडखडाटात झोपतात आणि त्याच खडखडाटात उठतात.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लूमवर चाळीस वर्षं उभे राहिले. पाळी बारा तासांची. शेवटी शेवटी कानाला फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते आमच्याशी ओरडून बोलायचे आणि नवख्या माणसाला वाटायचं हे भांडताहेत. 2022 साली ते गेले. दहाव्याला फोटो ठेवायचा म्हणून शोधायला लागलो, तर आबांचा एकट्याचा फोटोच नाही! लग्नांमधल्या गर्दीत ते होते. कुठे अर्धे, कुठे कुणाच्या फेट्याआड. शेवटी पुतणीच्या लग्नातल्या एका फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांचा चेहरा कापून घेतला, खाली कुणाचा तरी कोट चिकटवला आणि मागे निळं आभाळ भरलं. आबांनी जन्मात कोट घातला नव्हता. सासूबाईंनी फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"

त्यांची नजर तेव्हा चांगली होती. प्रश्न नजरेचा नव्हताच.

त्या दिवसापासून मला फोटोचं वेड लागलं. माझा व्यवसाय म्हणाल तर घरबसल्या धागा कटिंग. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत धागे लोंबत असतात. ते कटरने कापायचे. दुपारभर मांडीवर साड्या आणि पायाशी धाग्यांचा ढीग. लेकाने नवा फोन घेतला आणि जुना माझ्याकडे आला. आमच्या गल्लीपलीकडे एक निवृत्त सर राहतात. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत ते चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "सर, मला सासूबाईंचा चांगला फोटो काढायचाय. आबांसारखं व्हायला नको."

सर म्हणाले, सहा महिने माणसाचा फोटो काढायचा नाही. आधी पोत शिकायचा आणि रिकामी जागा शिकायची. आणि दिवसाला फोटो बाराच. बाराच का, तर आपल्या पलीकडच्या नवसारीत 1913 साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला ज्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावर फोटो काढायच्या, त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्यांना बारा पुरले, तर तुम्हाला का पुरू नयेत?

मला रागच आला. सत्तरी ओलांडलेली बाई घरात बसली आहे आणि हे म्हणताहेत सहा महिने थांब. पण चित्रकलेच्या सरांशी वाद घालायची आपल्याला शाळेपासूनच सवय नाही.

पोत हा शब्द आम्हा कापडवाल्यांच्या रोजच्या तोंडचा. लूमवरून उतरलेलं, रंगायच्या आधीचं कापड म्हणजे ग्रे. त्याचा ताका समोर आला की आबा आधी डोळे मिटायचे, दोन बोटांत कापड चुरायचे आणि मग बोलायचे. पण बोटाला लागणारा पोत कॅमेऱ्याला कसा कळणार? त्याला बोटं नाहीत. त्याला कळतो फक्त उजेड आणि सावली. मी धाग्यांच्या ढिगाचे पहिले बारा फोटो काढले ते फ्लॅश लावून. ढीग असा दिसत होता जणू ताटात शेवया सांडल्यात. सपाट! फ्लॅश समोरून पडतो, प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्याच मागे लपवतो, आणि उंचसखलपणा नाहीसा होतो.

सासूबाई खाटेवर गोधडी शिवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाई काय काढस व माय, दोराना फोटो?" मी हसले. मग माझं लक्ष गेलं की त्या कधीच दाराकडे तोंड करून शिवायला बसत नाहीत. दार नेहमी डाव्या हाताला. विचारलं तर म्हणाल्या, समोरून उजेड आला तर टाका दिसत नाही, बाजूने आला की टाका उठून दिसतो. चाळीस-पन्नास गोधड्या शिवलेल्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी मला जे चार दिवस समजावलं होतं ते त्यांनी टाका घालता घालता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला तीच गोधडी दारात पसरली. ऊन तिरपं येत होतं. फ्लॅश बंद केला, फोनची काच पदराने पुसली (हे आधी करा बरं का, निम्मे फोटो तेलकट काचेमुळेच बिघडतात), झूम न करता स्वतःच जवळ गेले. धावदोऱ्याच्या ओळी शेतातल्या सऱ्यांसारख्या उभ्या राहिल्या. चौकोनात चौकोन, मध्ये जुन्या लुगड्याचा विटका हिरवा. एका कोपऱ्यात आबांच्या शर्टाचा तुकडा होता तोही ओळखू आला. त्याची वीण निराळी. नऊ वाजता पुन्हा काढला तर सऱ्या बुजल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं. दोन तासांत तीच गोधडी दोन गोधड्या झाल्या.

मग मी पोताच्या मागेच लागले. विटांच्या भिंतीवरचा लोणा. भाकरीचा पापुद्रा. सिमेंटच्या गोणीवर बसलेली लूमची कापूसधूळ. सासूबाईंच्या टाचेच्या भेगा मात्र काढू दिल्या नाहीत त्यांनी. आमचे हे ज्या खात्यात काम करतात तिथल्या शेठची परवानगी घेऊन एकदा आतही गेले. तिथे निराळीच गंमत. फोटोत आडवे काळे पट्टे! फोन बिघडला म्हणून मी घाबरले. सरांनी सांगितलं, आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवायचं, पट्टे जातात. गेले. पण खरा चांगला फोटो मिळाला तो खिडकीजवळच्या बीमचा, जिथे ट्यूब पोचत नव्हती आणि बाहेरचा उजेड बाजूने येत होता. हजारो धागे शेजारी शेजारी, आणि एक तुटलेला.

पांढऱ्या ग्रेचा फोटो मात्र कायम मळका यायचा. कॅमेऱ्याला वाटतं जगात सगळं मध्यम करडं आहे. पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, काळं दिसलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्यासाठी आपण बोटाने उजेड थोडा वर सरकवायचा, काळ्यासाठी खाली. ही एवढीशी गोष्ट पुढे डुमसला कामाला आली.

सरांकडे बडोद्याच्या ज्योती भट्ट यांच्या फोटोंचं पुस्तक होतं. 1934 साली जन्मलेले हे चित्रकार. 1960च्या दशकाच्या शेवटाला ते कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत फिरायला लागले. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. बायकांनी सारवलेल्या भिंती, अंगणातल्या रांगोळ्या, दारावरची चित्रं. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या भिंती पुढच्या सणाला पुन्हा सारवल्या गेल्या असतील, घरंही पडली असतील. फोटोत मात्र सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे वळसे अजून दिसतात. हे पाहून मला माझ्या आजीचं घर आठवलं आणि काही वेळ बोलवेना.

पोत जमायला लागला तशी मी फोटो गच्च भरायला लागले. जिकडे तिकडे पोतच पोत. सर म्हणाले, आता दुसरं. निगेटिव्ह स्पेस. मी तिला कोरी जागा म्हणते. वस्तू जिथे नाही ती जागा. तिलाही आकार असतो, तिचाही फोटो काढता यायला हवा.

हे मला जड गेलं, खरं सांगते. आमची एकच खोली. भिंतीवर देव, घड्याळ, कॅलेंडर, लेकाचं प्रमाणपत्र, पिशव्यांचे खिळे. खाटेखाली धान्य, खाटेवर गाद्या, गाद्यांवर साड्यांचे गठ्ठे. जागेचं भाडं भरणाऱ्या माणसाला रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. फोटोतही तेच. एवढा मोठा चौकोन फुकट मिळालाय तर भरून घ्या की! आपल्या लग्नांच्या अल्बममध्ये बघा. जोडप्याच्या मागे कमळ, वर मोर, कोपऱ्यात पुन्हा तेच जोडपं.

सरांनी मला भजनाची आठवण करून दिली. आमच्या मंडळात तबला असतो. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेला खाली येते. डग्ग्याचा घुमारा तिथे थांबतो आणि टाळी देणारा हात नुसता उघडा फिरवतो. ती मात्रा गाळली तर चालेल का? ताल पडेल. वारली चित्रांचंही तसंच. पालघर-डहाणूकडे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने दोन त्रिकोणांची माणसं काढतात. 2011 साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांचं काम बघा, माणसं मुंगीएवढी आणि भिंत केवढी! ती भिंत कोरी आहे म्हणून तर ती माणसं चालताना दिसतात.

पटलं, पण आमच्या खोलीत कोरं कुठून आणू? पांढरी चादर टांगून पाहिली, तर ते पासपोर्टच्या फोटोसारखं झालं. मग युक्ती सापडली. भिंत नसेल तर जमीन असते. खाटेवर उभं राहून खालचा फोटो काढला की पुसलेली फरशी हीच कोरी जागा. नाहीतर स्वतः खाली बसायचं, म्हणजे वस्तूच्या मागे आभाळ येतं. तारा येतात मध्ये, एक पाऊल सरकलं की जातात. पहिला महिना मी नुसते फटींचे फोटो काढले. कळशी आणि हंडा यांच्यामधली फट. कमरेवर हात ठेवलेल्या बाईच्या कोपरातून दिसणारा त्रिकोण (चेहरा नव्हता, म्हणून नियम मोडला नाही).

गावी जाताना नवापूरला गाडी थांबली. आपलं नवापूर स्टेशन तुम्हाला माहीतच आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. ते बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. प्रत्येक जण त्यावर बसून फोटो काढतो, एक पाय इकडे, एक तिकडे. येताना दुपारची वेळ होती आणि कुणीच नव्हतं. मी लांब उभी राहिले, फलाटाची उन्हाने पांढरी झालेली फरशी तीन भाग घेतली आणि बाकडं एका कोपऱ्यात ठेवलं. सरांना दाखवला. ते म्हणाले, कोण येऊन बसणार आहे? मी म्हटलं, कुणीही नाही. ते म्हणाले, मग वाट का बघावीशी वाटते?

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही उकाईच्या फुगवट्याकडेही गेलो. आबांचं मूळ गाव तिथलं. धरण 1972 साली पुरं झालं आणि तापीचं पाणी मागे चढत आपल्या जिल्ह्यात आलं, त्यात जी गावं गेली त्यांत त्यांचं एक. आबा तेव्हा पोरसवदा होते. शेत गेलं म्हणून सुरत आली. त्या गावाचा फोटो आमच्याकडे नाही, आमच्या भाऊबंदांतही कुणाकडे नाही. गाव बुडणार हे ठाऊक होतं, पण कॅमेरा कुणाजवळ होता? उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठचा गाळ उघडा पडतो आणि तडकतो. मी पोताच्या नादात तडकलेल्या ढेकळांचे फोटो काढत बसले. पाच कोनी, सहा कोनी, कडा वर वळलेल्या. बाराही फोटो तिथेच संपवले. सासूबाई पाण्याकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, तिकडचा का नाही काढत? तिकडे नुसतं पाणी होतं. मी म्हटलं, "आई, तिकडे काय आहे?" त्या काहीच बोलल्या नाहीत. माझे बारा संपले होते. पण नियम मोडून तेरावा काढायला हवा होता, एवढी अक्कल मला परतीच्या गाडीत आली.

आता जे सांगणार आहे ते सांगताना लाज वाटते.

आबा असतानाच, 2020 साली, माझ्या आधीच्या फोनची मेमरी भरली होती. सारखा संदेश यायचा, जागा नाही, जागा नाही. मी एका दुपारी बसून 'बिनकामाचे' फोटो पुसले. बिनकामाचे म्हणजे कुठले? ज्यांत माणसं नीट दिसत नाहीत, जे नुसते आभाळाचे, वाळूचे, ज्यांत कुणी पाठमोरं. हसऱ्या चेहऱ्यांचे सगळे ठेवले. किती पुसले ते आठवत नाही. त्यात काय काय गेलं हे आता कळायला मार्ग नाही.

आमच्या सचिनचीच एक गोष्ट आहे. हिंदी सिनेमाच्या पहिल्या महिला दिग्दर्शक फातमा बेगम. सचिनच्या नवाबांशी त्यांचा विवाह झाला असं सांगतात, कागदोपत्री नोंद मात्र मिळत नाही. 1926 साली त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला. त्यांची मुलगी झुबेदा सुरतेत जन्मली आणि 1931च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, नायिका झाली. मायलेकींचे हे दोन्ही सिनेमे आज कुठेही पाहायला मिळत नाहीत. एकही प्रत उरली नाही. 'आलम आरा'ची काही छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या उरल्या. तेव्हाही कुणीतरी जागा नाही म्हणूनच रिळं टाकून दिली असतील का, असं माझ्या मनात येतं.

तर, सुईदोऱ्याच्या डब्यात एक मेमरी कार्ड सापडलं. लेकाच्या शाळकरी वयातल्या फोनचं. त्याला हाक मारून कार्ड लावायला लावलं. त्यात 2018च्या दिवाळीतले फोटो होते. दिवाळीत लूम बंद पडतात, कारागीर गावी जातात, सचिन एकदम मुकं होतं. आबांना त्या शांततेत झोप यायची नाही, म्हणून त्यांना घेऊन आम्ही डुमसला गेलो होतो. डुमसचा किनारा काळ्या वाळूचा, वाळूत लोहाचं प्रमाण जास्त म्हणून. ओहोटीला पाणी लांब मागे जातं आणि मैलभर ओली करडी सपाटी उघडी पडते. आम्ही सगळे टोमॅटोची भजी खात गाडीवर उभे होतो. लेक फोनशी खेळत होता. त्याने काढलेल्या फोटोत खाली काळी वाळू, वर फिकट आभाळ, मध्ये पाण्याची एक चंदेरी रेघ. आणि उजव्या कडेला, नखाएवढा, पाठमोरा माणूस. हात मागे बांधलेले, डावा खांदा उतरलेला. लूमवर चाळीस वर्षं एकाच बाजूला वाकून तो खांदा तसा झाला होता. चालतोय पाण्याकडे.

मी सासूबाईंना काही न सांगता फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हाऊ तुना सासरा शे," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. तापी तिथूनच जवळ समुद्राला मिळते हे त्यांना ठाऊक आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की तेव्हा मी विचारलं होतं कुठे चाललात, तर ऐकूच गेलं नाही त्यांना.

चेहरा नाही, तरी ओळख पटायला क्षण लागला नाही. कोट चिकटवलेल्या फोटोत चेहरा असून पटली नव्हती. मी तो फोटो सरांकडे नेला आणि हा एवढा का जमलाय ते समजून घेतलं. माणूस उजव्या कडेला आहे आणि डावीकडे चाललाय, म्हणून पुढची सगळी जागा त्याची. मध्यभागी असता तर नुसता उभा वाटला असता. वाळूला पोत आहे, ओहोटीच्या बारीक लाटांचा, पण तो इतका शांत की माणूस त्यात हरवत नाही. पोत जास्त बोलका झाला तर कोरी जागा कोरी राहत नाही, हे मी गोधडीवर टिकली ठेवून आधीच शिकले होते. टिकली सापडतच नव्हती. एक दोषही होता. काळी वाळू पाहून फोनने उजेड वाढवला होता, त्यामुळे आभाळ फटफटीत झालं होतं. तो मी थोडा खाली आणला. तेवढंच, बाकी हात लावला नाही.

खरी लढाई फोटोच्या दुकानात झाली. दुकानदार भला माणूस. त्याने फोटो बघितला आणि क्षणात आबांना पकडून मोठं केलं, कडा कापल्या. "बेन, आता दिसतात बघा!" खरोखर दिसत होते. धुरकट ठिपक्यांचा एक म्हातारा, कुठेच न चाललेला. मी म्हटलं, "भाई, पूर्ण छापा." तो म्हणाला, "पण यात आहे काय? सगळं खालीच तर आहे." गुजरातीत रिकाम्याला खालीच म्हणतात. मला भजनातला उघडा हात आठवला, पण दुकानात ते काय सांगणार! दोनदा परत गेले. दुसऱ्या वेळी त्याने 5 बाय 7 इंचात छापला, त्यात वरचं थोडं आभाळ आपोआप कापलं गेलं. मग मापाचं गणित कळलं. माझ्या फोनसारखा 4 बाय 3 प्रमाणाचा फोटो अख्खा हवा असेल तर 6 बाय 8 किंवा 9 बाय 12 सांगायचं, म्हणजे काही कापावं लागत नाही. मी 9 बाय 12 सांगितला. पैसे जास्त गेले, धागा कटिंगचे आठवडाभराचे.

तो लावायला भिंतीवर जागा नव्हती. कॅलेंडर दाराच्या मागे गेलं, पिशव्यांचे दोन खिळे उपटले. कोटवाले आबा आता कपाटात आहेत. पाहुणे येतात, फोटोजवळ जातात आणि विचारतात, हा कुठला देखावा? मग सासूबाई बोट ठेवून दाखवतात. काचेवर त्या जागी त्यांच्या बोटाचा डाग पडलाय, मी तो पुसत नाही.

सहा महिने कधीच उलटून गेलेत. सासूबाईंचा फोटो काढायचं अजून जमलेलं नाही. सरळ समोर बसवलं की त्या पदर नीट करतात, ताठ होतात, आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. आता मोतीबिंदू वाढलाय, डॉक्टरांनी तारीख दिली आहे. तरी रोज सकाळी दार डाव्या हाताला घेऊन गोधडी शिवायला बसतात, टाके थोडे वाकडे पडतात. काल ऊन सुरेख तिरपं आलं होतं. हातावरच्या सुरकुत्या, सुई, मांडीवरचा जुना हिरवा, आणि समोर नुकतीच पुसलेली ओली फरशी, पूर्ण रिकामी. मी हळूच फोन घेऊन दाराशी गेले.

"बाजूले सरक ना माय," त्या वर न बघता म्हणाल्या, "उजेड अडस."